गढीच्या दरवाजात कोण उभा होता?

हिंगोली जिल्ह्यातल्या अनेक जुन्या गावांत एक गढी असते. चारी बाजूंनी पांढऱ्या मातीच्या उंच भिंती, कोपऱ्यांना बुरूज, एकच मोठा दरवाजा, त्यात माणूस वाकून आत जाईल एवढी दिंडी, आत पहारेकऱ्यांची देवडी आणि मग मालकाचा वाडा. धान्याची पेवे आत, पाण्याचा आड आत, सत्ताही आत. देशमुख, देशपांडे, जहागीरदार, पाटील यांची ती वस्ती. कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा या भागात आज यातल्या बहुतेक गढ्या खचल्या आहेत. बुरुजावर बाभळी उगवल्या. लोकांनी गढीची पांढरी माती माळवदावर टाकायला नेली. पोरे तिथे शेळ्या चारतात. काळाने गढीचा माज उतरवला, असे म्हणून आम्ही पुढे जाऊ शकलो असतो. पण गढी आता नव्या रूपाने परत येत आहे आणि म्हणून तिच्याविषयी बोलणे भाग आहे.

हे नवे रूप म्हणजे हॉटेल. पुण्याहून सासवडकडे जाताना जाधववाडी येथे सरदार पिलाजी जाधवराव यांनी १७१० साली बांधलेली गढी आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातले हे मोठे सरदार. त्यांच्या गढीचे २००७ साली ‘फोर्ट जाधवगढ’ नावाचे हॉटेल झाले. हॉटेल व्यवसायातले प्रसिद्ध उद्योजक विठ्ठल कामत यांनी ते उभे केले. तिथे तुतारी वाजवून पाहुण्यांचे स्वागत होते, नोकरवर्ग जुन्या मराठेशाही वेशात असतो, ‘आई’ नावाचे जुन्या वस्तूंचे संग्रहालय आहे, लग्ने लागतात, कंपन्यांच्या बैठका आणि परिषदा भरतात. पडझड होऊन मातीत जाणारी एक वास्तू उभी राहिली, अनेकांना रोजगार मिळाला, ही गोष्ट चांगलीच आहे. आमची तक्रार त्या हॉटेलविषयी नाही. आमचे म्हणणे गढी नावाच्या साऱ्या व्यवस्थेविषयी आणि तिच्या आजच्या विक्रीविषयी आहे.

अशी बातमी आली की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. पहिला वर्ग म्हणतो, वा, आमच्या पूर्वजांचे वैभव परत आले! दुसरा वर्ग, आणि यात आपलेही काही कार्यकर्ते असतात, म्हणतो, ती सरंजामदारांची थडगी, पडू द्या! आम्हाला दोन्ही मते मान्य नाहीत. वैभव कोणाचे आणि कोणाच्या घामावर, हे पहिल्यांना सांगायचे नाही. आणि थडगे पडले की त्याबरोबर आपल्या पूर्वजांच्या कष्टांचा पुरावाही मातीत जातो, हे दुसऱ्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून गढीचे हॉटेल झाले की तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो. दरवाजातून आत कोण जाऊ शकतो? दरवाजात उभ्या असलेल्या माणसाला काय मिळते? आणि दरवाजावरच्या फलकावर कोणाचे नाव आहे?

आधी जुन्या दरवाजाची गोष्ट. गढीच्या आणि गावाच्या वेशीवर रात्रभर जागणारा येसकर कोण होता? तो महार होता. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी. गावात आलेला परका माणूस पाहायचा, सरकारी सारा पोहोचवायचा, मालकाचा सांगावा परगावी न्यायचा, लाकडे फोडायची, मेलेले ढोर ओढायचे. शेताच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई, कारण गावाची शीव पायाखाली घालणारा तोच. म्हणजे गावच्या जमिनीची हद्द ज्याच्या तोंडून ठरायची त्याच्या स्वतःच्या वाट्याला वतनाचा एक तुकडा आणि दारोदार मागितलेली शिळी भाकर! गढीची माती कोणी वाहिली, चुना कोणी मळला, दगड कोणी ओढला? महार, मांग, वडार, बेलदार आणि इतर कष्टकरी जातींनी. त्यातले किती काम मजुरीचे आणि किती बिगारीचे, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात लिहिलेला सापडत नाही, कारण हिशेब लिहिणारे हात गढीच्या आत होते.

जाधववाडीपासून जवळच पुरंदर किल्ला आहे. या किल्ल्याचा शेंदऱ्या बुरूज उभा राहत नव्हता म्हणून नाथनाक आणि देवकाई यांना त्याच्या पायात जिवंत गाडले, अशी आख्यायिका इंग्रजांच्या काळातल्या पुणे जिल्हा गॅझेटियरने नोंदवली आहे. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आख्यायिकेतही पायात गाडायला नेमके कोणाचे नाव सुचते, हे पाहिले की त्या काळची समाजरचना उघडी पडते. बुरुजावर नाव सरदाराचे आणि बुरुजाखाली नाव ‘नाक’ लावणाऱ्याचे! याच पुरंदर तालुक्यातले खानवडी हे महात्मा जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे गाव. शेतकऱ्याच्या आणि अतिशूद्राच्या लुटीचा हिशेब मांडणारा माणूस याच मातीतल्या कुळात जन्मला, याला योगायोग म्हणा, पण बोलका योगायोग आहे.

आता पहिला प्रश्न. दरवाजातून आत कोण जाऊ शकतो?

मराठवाड्यातल्या माणसाने हा प्रश्न हलका समजू नये. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असताना वाटेत दौलताबादच्या किल्ल्याला गेले. तेव्हा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. प्रवासाने अंग धुळीने भरले होते म्हणून काहींनी दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने तोंड, हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवल्याची आरडाओरड झाली आणि जमाव चालून आला. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर त्यांना आत सोडण्यात आले आणि अट पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला. ओरडणारे लोक मुसलमान होते, हे बाबासाहेबांनी स्वच्छ लिहिले आहे. जातीचा रोग एका धर्माच्या कुंपणात राहत नाही आणि निशाण बदलले म्हणून तो बरा होत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. जगातली मोठी विद्यापीठे पाहिलेला माणूस, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस, आणि त्याला किल्ल्याच्या दरवाजात शिपायाच्या पहाऱ्यात पाण्यापासून दूर ठेवले जाते!

हॉटेलाचा अनुभव तर त्याहून जुना. १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेलेल्या बाबासाहेबांना शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी उतारघरात पारशी नाव लावून ते राहिले. दिवसाचे दीड रुपया भाडे, वरच्या मजल्यावरची अंधारी खोली, बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले. ओळखीच्या दोघांनीही घरात घ्यायला असमर्थता दाखवली. दिवसभर कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीने त्यांनी मुंबई गाठली. पैसे होते, पदवी होती, राजाची नोकरी होती. खोली मात्र मिळाली नाही.

या दोन आठवणी मनात ठेवून भारतीय संविधानाचे कलम १५ वाचा. त्याच्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानात हॉटेल आणि विहीर कशाला, असे विद्वानांना वाटत असेल. आम्हाला वाटत नाही. ज्यांना गावच्या चहाच्या हॉटेलात वेगळी कपबशी दिली जायची आणि ती स्वतः विसळून ठेवावी लागायची, त्यांना त्या एका शब्दाची किंमत माहीत आहे. आज आपला एखादा डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतला अधिकारी आपल्या लेकीचे लग्न गढीच्या हॉटेलात करतो, तुतारी त्याच्यासाठी वाजते आणि त्याची म्हातारी आई मोठ्या दरवाजातून, दिंडीतून वाकून नव्हे, आत जाते. ही उधळपट्टी आहे की नाही यावर वाद घाला. पण तो दरवाजा खोलीच्या भाड्याने उघडला असे कोणी समजू नये. बडोद्यात भाडे दिले होतेच. दरवाजा संविधानाने उघडला.

दुसरा प्रश्न. दरवाजात उभ्या असलेल्या माणसाला काय मिळते?

गढीच्या हॉटेलात फेटा बांधून, हातात भाला घेऊन एक पोरगा दारात उभा असतो. शहरी पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढतात. मराठवाड्यातून पुण्याकडे कामाला गेलेली आपली किती पोरे असे फेटे बांधून उभी असतील! त्याचा आजा बिनपगारी येसकर होता आणि हा पगारी दरवान आहे. दोघांत फरक काय? वेशात फारसा फरक नाही. फरक आहे तो हजेरीपत्रकात, किमान वेतनात, आठ तासांच्या पाळीत, साप्ताहिक सुट्टीत, भविष्य निर्वाह निधीत. हा फरक आपोआप पडलेला नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनातली गुलामगिरी संपवण्यासाठी बाबासाहेबांनी विधेयक आणले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला, १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले. संविधानाच्या कलम २३ ने बिगारीला बंदी केली. म्हणून आमचे सांगणे असे, की हा पोरगा ठेकेदाराच्या वहीत असेल, बारा तास उभा राहत असेल, आजारी पडला तर त्याचा रोज कापला जात असेल, तर तो दरवान नव्हे, येसकरच आहे. फक्त त्याच्या अंगावर जरीचा अंगरखा चढवला आहे! मराठेशाही वेशातली नोकरी ही नोकरी आहे की नाटकातली बिगारी, हे पगारपत्रकावरून ठरते. कामगार संघटनांनी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न प्रत्येक हेरिटेज हॉटेलात विचारला पाहिजे.

हा प्रश्न फक्त जाधववाडीचा नाही. आम्हा मराठवाड्याच्या लोकांचा सारा तर पार हैदराबादला जायचा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे निजामाच्या संस्थानात होते. आजचा हिंगोली जिल्हा त्यातल्या परभणीत होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. हैदराबादच्या टेकडीवर विकार-उल-उमरा या अमीराने १८८४ साली फलकनुमा राजवाडा बांधायला घेतला, तो पुढे १८९७ च्या सुमारास सहाव्या निजामाकडे गेला. एकाच वेळी १०१ माणसे जेवतील असे तिथले टेबल जगप्रसिद्ध आहे. २०१० पासून तो ताज समूहाचे हॉटेल आहे आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जागतिक उद्योजक परिषदेच्या पाहुण्यांना पंतप्रधानांनी तिथेच मेजवानी दिली. संस्थानाचा खजिना काही आभाळातून पडत नव्हता. जहागिरी, पायगा आणि दिवाणी मुलखातल्या रयतेच्या साऱ्यावर ती दौलत उभी होती. गावच्या गढीत गोळा झालेला सारा वर वर चढत राजधानीतल्या महालांपर्यंत पोहोचायचा. १०१ खुर्च्यांच्या त्या टेबलावर परभणीच्या जोंधळ्याचाही वाटा आहे, हे कोणी पाहुण्यांना सांगत नाही.

इथे तिसरा प्रश्न येतो. फलकावर कोणाचे नाव आहे?

हिंगोली शहरात निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. पलटन गेली, तोफा गेल्या. पण पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे राहिली. सत्ता गेल्यावरही सत्तेचे नाव मागे राहते. कष्टकऱ्याचे नाव तो जिवंत असतानाच पुसले जाते. हे चित्र बदलता येते आणि जगात ते बदलत आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. त्याच अमेरिकेत गुलामांच्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या मळेवाल्यांच्या हवेल्या आज हॉटेले आणि लग्नाचे हॉल झाल्या आहेत. परंतु लुईझियाना राज्यात व्हिटनी नावाचा एक मळा २०१४ साली संग्रहालय म्हणून खुला झाला आणि तिथे मालकाची नव्हे, गुलामांची कहाणी सांगितली जाते. २०१९ साली काळ्या लोकांच्या एका संघटनेने पाठपुरावा केला तेव्हा लग्नाच्या जाहिराती देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी अशा मळ्यांची शोभिवंत जाहिरात थांबवण्याचे मान्य केले. इंग्लंडमध्ये उमरावांच्या जुन्या हवेल्या सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने २०२० साली अहवाल काढून आपल्या ९३ वास्तूंचा गुलामांचा व्यापार आणि वसाहतींची लूट यांच्याशी असलेला संबंध जाहीर केला. गदारोळ झाला, पण हवेल्या काही पडल्या नाहीत! खरे सांगितल्याने वास्तूची किंमत कमी होत नाही.

आपल्याकडे काय झाले? २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राज्यातले काही किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी भाड्याने देण्याची योजना बाहेर आली आणि महाराष्ट्र पेटून उठला. छत्रपती शिवरायांच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो संताप योग्यच होता. किल्ल्यावर दारूच्या मैफली नकोत, असे आम्हालाही वाटते. पण त्या गोंगाटात किल्ल्याचा दगड वाहणाऱ्याचा, मेटावर पहारा देणाऱ्या रामोशी, महार, कोळ्याचा शब्द किती जणांनी काढला? किल्ल्याचे पावित्र्य सर्वांना आठवले, पण किल्ल्याची मजुरी आठवली नाही.

फलकावरच्या नावाचा आणि जमिनीच्या कागदावरच्या नावाचा जवळचा संबंध आहे. सरदाराचे वतन संपले तरी गढी त्याच्या वंशजांच्या हाती राहिली आणि आज तिला बाजारात मोल आले. महाराचे वतन १९५८ च्या कायद्याने संपले. त्या जमिनी त्याच्याच नावे व्हायच्या होत्या, पण कितीतरी ठिकाणी त्या कधी नजराण्यात अडकल्या, कधी सावकाराकडे, कधी बिल्डरकडे गेल्या. पुण्याजवळ मुंढव्याच्या ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर गाजला आणि चौकशी लागली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. एका वतनाचे हेरिटेज होते आणि दुसऱ्या वतनाचा सातबारा हरवतो. हा न्याय कोणता? मराठवाड्यात गायरानाच्या जमिनीसाठी आपल्या माणसांनी सत्याग्रह केले, दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन १९५९ आणि १९६४ ला लाखोंनी तुरुंग भरले. ते आंदोलन गढी मागत नव्हते, पोटापुरती जमीन मागत होते.

आणि परिषदेचे सभागृह? वातानुकूलित सभागृहात परिषद घ्यायला हल्ली सगळ्यांनाच आवडते, आपल्या संघटनांनाही. त्यात गैर काही नाही. फक्त आपल्या परिषदा कुठे भरल्या याची आठवण असू द्या. १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले त्या परिषदेला जागा मिळेना; फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. १९३८ साली कन्नड तालुक्यातल्या मकरणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले. ‘जयभीम’ हे अभिवादन तिथूनच रुजले, असे चळवळीत सांगितले जाते. ना गढी, ना हॉल. आभाळ वर आणि लोक खाली. अशा परिषदांनीच गढ्यांचे दरवाजे खिळखिळे केले.

हिंगोली जिल्ह्यातल्या गढ्या उद्या कोणी विकत घेईल, दुरुस्त करील, हॉटेल काढील. ज्योतिर्लिंगामुळे औंढ्याला आणि संत नामदेवांमुळे नर्सीला यात्रेकरू येतच असतात. पर्यटनाची भाषा बोलली जातेच. तो दिवस येण्याआधी आपल्या तरुणांनी एक काम करावे. गावच्या गढीजवळ जावे, म्हाताऱ्या माणसांना विचारावे. येसकरकी कोणत्या घराण्याकडे होती? पांढरी माती कुठून आणली? कोणाचे वतन कोणत्या गटात होते? ही माहिती लिहून काढावी, ग्रामसभेत मांडावी, सातबारा आणि जुनी कागदपत्रे काढावीत. उद्या गढीला फलक लागेल तेव्हा मालकाच्या नावाखाली राबणाऱ्यांची नावे लिहा, असे सांगायला आपल्या हातात कागद हवा. तोंडी रडगाण्याला कोणी भीक घालत नाही. नोंद असली की उत्तर द्यावे लागते. बाबासाहेबांनी आपल्याला लेखणी दिली ती याचसाठी.

गढी पाडू नका आणि तिची आरतीही करू नका. तिचा मोठा दरवाजा उघडा ठेवा, दरवाजातल्या माणसाला पूर्ण पगार द्या आणि ज्यांनी तो दरवाजा रात्ररात्र राखला त्यांचे नाव त्यावर कोरा. एवढे झाले तर त्या हॉटेलात चहा प्यायला आम्हीही येऊ, बिल आमचे आम्ही देऊ.

जयभीम!